अँटिबॉडीचा आकडा

महाडच्या एका लॅबमध्ये मी रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर बसतो. आंबेनळीकडच्या वाडीतली एक बाई दर सहा महिन्यांनी येते. कॅन्सरमुळे तिची थायरॉईडची ग्रंथी काढून टाकली आहे. गळ्यावरचा व्रण पदराने झाकायच्या भानगडीत ती पडत नाही.

बाकीचे लोक "नॉर्मल हाय ना?" एवढंच विचारतात. ही साडीच्या दुकानाच्या पिशवीतून जुने रिपोर्ट काढते आणि बाकावर ओळीने मांडते. एकदा टीएसएच फारच कमी आला म्हणून मी तोंड वाकडं केलं, तर म्हणाली, "तो कमीच ठेवायचा हाय, दादा. त्याच्यासाठीच तर गोळी हाय." बरोबर होतं तिचं.

मग तिचा अंगठा खाली सरकत अँटिबॉडीच्या आकड्यावर थांबतो. ऑपरेशननंतर हा आकडा उतरत जायला हवा. चढू लागला, तर आजार परत डोकावतोय का ते तपासावं लागतं. डॉक्टरांनी तिला हे नीट समजावलंय. चार रिपोर्ट तो उतरत होता.

या खेपेला चढला.

तिने मागचे चारही आकडे पुन्हा एकदा ताडून बघितले. नवा रिपोर्ट घडी घालून डॉक्टरांसाठी पिशवीत ठेवला. मग मागचा रिपोर्ट मांडीवर घेऊन मोबाईल काढला. "पोराला मुंबयला फोटो पाठवते."

"मावशी, तो जुना आहे."

"माहीत हाय. गणपतीला येतोच हाय तो. तवर कामावर लक्ष लागू दे त्याचं."

अंगठा तारखेवर ठेवून तिने फोटो काढला.