हायपोतली चांदी

मस्तगडला माझा फोटो स्टुडिओ होता. फोटो धुतल्यावर उरलेलं हायपोचं, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाचं, पाणी मी मोरीत ओतून द्यायचो. एकदा सायकलला दोन डबे लटकवलेला एक माणूस दारात आला आणि तेच पाणी मागू लागला. मला हसू आलं. त्यानं खिशातून तांब्याची पट्टी काढून पाण्यात धरली. बघता बघता ती पांढरी झाली.

"चांदी हाय, भाऊ. भांडे घासायचा लोखंडाचा चोथा ह्यात टाकला की बराबर खाली बसती. मंग वितळवायची."

तेव्हापासून तो दर सोमवारी यायचा. एक थेंब सांडू द्यायचा नाही. नाव मी कधी विचारलं नाही.

एका सोमवारी स्थळासाठी फोटो काढलेली मुलगी आली आणि फोटो बघून रडकुंडीला आली. "मी किती काळी दिसून राह्यले!"

डब्याचं झाकण आवळता आवळता तो म्हणाला, "ताई, फोटोत काळं दिसतं तिथंच चांदी राहती. गोऱ्याची सगळी धुऊन माझ्या डब्यात येती."

मुलगी खळखळून हसली. "मंग हाच द्या. दोन कॉप्या द्या!"

गिऱ्हाइकाला "जरा गोरं करू का?" असं विचारणं मी त्या दिवसापासून सोडलं.