कोठीवरची जर्मन परीक्षा

अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि अकोल्यात ज्याला त्याला अक्कल फुटली. त्याच धांदलीत एका जर्मन साहेबाने कापसाची कोठी उघडली. दाराशी घंटा टांगली. आत येणाऱ्याने ती वाजवायची आणि बाहेर जाणाऱ्यानेही. कशासाठी, ते साहेबालाही सांगता आले नसते.

अमरावतीच्या नव्या कोठीसाठी त्याला जर्मन लिहिणारा कारकून हवा होता. उमेदवार दोघेच उरलो. एक पुण्याकडचे शास्त्री, दुसरा मी, बार्शीटाकळीच्या माळ्याचा मुलगा. नोकरी लागली नाही तर वांग्याची वाडी आहेच, असे बापाने निघताना बजावले होते. मला ती वाडी नको होती.

साहेब संध्याकाळी एका पुस्तकातून शिकवी. त्याच्या भाषेत एकाच आवाजाचे शब्द पुष्कळ. मेर म्हणजे समुद्र आणि मेर म्हणजे जास्तसुद्धा. लेरे म्हणजे शिकवण आणि लेरे म्हणजेच रिकामेपण. त्या कोठीत मला याचे फारसे नवल वाटले नाही. फरक फक्त लिहिण्यात. एकात न बोलायचा ह, दुसऱ्यात ए दोनदा. ह गिळायला आम्हा वऱ्हाड्यांना शिकवावे लागत नाही. गिळलेला ह कागदावर परत काढणे अवघड. म्हणून मी प्रत्येक शब्दाचे वाक्य करून ठेवले. शास्त्रीबुवांनी पाठशाळेतल्यासारखे सगळे शब्द ओळीने पाठ केले, मांडीवर ताल धरून. अर्थ विचारला की म्हणत, "अरे, आधी पाठ होऊ दे. अर्थ मागून चालत येतो. तुझ्या भाजीच्या पाटीत तो आधी येत असेल."

परीक्षेला साहेबाने बाजारातले दोन अडते बोलावले. जर्मन दोघांनाही येत नव्हते. साहेब उंच टोपी घालून उभा राहिला आणि नुसते शब्द म्हणू लागला. मेर. मी हात थांबवला आणि हिंदुस्थानीत विचारले, कोणता मेर, एखादे वाक्य सांगा. साहेब लाल झाला.

"मुन्शी सवाल नहीं करता," तो म्हणाला.

शास्त्रीबुवांची लेखणी धावत होती. साहेब पुस्तकातून वाचत होता, आणि बुवांना पुस्तकाच्याच क्रमाने पाठ होते. त्यांचा एकही शब्द चुकला नाही. माझे निम्मे चुकले. अडत्यांनी माना डोलावल्या. बुवा अमरावतीला गेले, मी वांग्यांत.

पुढे साहेब अमरावतीला जाऊन-येऊन पत्रे सांगू लागला, तेव्हा शब्द पुस्तकाच्या क्रमाने येईनात. बुवांनी क्रम सोडला नाही. पहिला मेर समुद्र, दुसरा जास्त, तिसरा पुन्हा समुद्र. साहेब न वाचता सही करी. शेवटी मुंबईहून विचारणा झाली, की समुद्र कापूस ही कोणती नवी जात.

साहेबाचा चपराशी वाडीत आला. साहेबाने बोलावले आहे म्हणाला. मी पाटाचे पाणी वळवत होतो, बाप बांधावर बसला होता.

"साहेबाले सांग," मी म्हणालो, "पुरं वाक्य बोलत असन, अन् मी इचारलं तर सांगत असन, तर येतो."

चपराशी गेला तो गेलाच. साहेबाने तिसराच कारकून धरला.

"काहून धाडलं त्याले वापस?" बापाने विचारले. मी सांगितले. तो बांधावरून उठला. मग म्हणाला, "बरं. मंग उद्या बाजाराले तूच जाय."

अकोल्याच्या बाजाराची वाट कोठीवरूनच जाई. साहेबाचा खानसामा मला हाक मारून वांगी मागे. मी त्याला कधी दिली नाहीत. बाजारात उरली, तरी नाही.