ज्यांनी मला खोटी म्हटलं

"मग ओरडली का नाहीस?"

मॅडमनी हे विचारलं तेव्हा साहेब समोर बसून चहा पीत होते. मी उभी. चिकलठाण्याच्या आमच्या कंपनीतली ती तक्रार समितीची खोली. मॅडम कंपनीच्याच, समितीच्या अध्यक्षही त्याच.

साहेबांनी मला स्टोअरमध्ये खोक्यांवर दाबलं होतं. तोंडावर त्यांचा हात होता. ओरडणार कशी? तेच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या वस्तीत तर बायका चार गल्ल्यांना ऐकू जाईल असं भांडतात. इथंच आवाज निघाला नाही?"

साहेब हसले. त्यांच्या घरी बागायत, भाऊ पुढारी. माझ्या घरी आई आणि मी. "नवऱ्यानं टाकलेली ना ही?" समितीतल्या एकानं विचारलं. जसा काय तोच पुरावा.

निकाल आला, "सिद्ध होत नाही." संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये चढेस्तोवर त्याचं "खोटी तक्रार" झालं होतं. माझ्या शेजारी कुणी बसलं नाय.

पॅकिंगच्या बाया जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोरून डबे उचलून न्यायच्या. मी घरी रडायचे. आई म्हणायची, "कामाला जा बाई. पोट काय निकाल बघत नाय."

सगळ्यात जास्त लागलं ते रफिकभाईचं बोलणं. मशीन दुरुस्त करणारा, खुलताबादहून येणारा. कामगारांसाठी भांडायचा, म्हणून वाटलं होतं हा तरी विचारील. तो गेटवर दहा जणांत म्हणाला, "पैसे उकळायचे असतील बाईला." मी मागंच उभी होते.

पुढं उन्हाळ्यात त्यानं कंत्राटी कामगारांना कायम करा म्हणून माणसं गोळा केली. मग मॅडमनी मला बोलावलं. या खेपेला खुर्ची दिली. चहा मागवला.

"रफिकनं तुझा हात धरला होता म्हणे."

"नाय धरला."

"आठवून बघ. अर्ज आम्ही लिहू. तू फक्त हो म्हण. या वेळी समिती तुझं ऐकेल."

या वेळी ऐकेल. खरं बोलले तेव्हा साक्षीदार मागितले. खोट्याला माझा नुसता होकार पुरणार होता.

घडीभर वाटलं, भोगू दे त्यालाही. मग तो त्या खोलीत उभा आहे असं डोळ्यांपुढं आलं. "नाही केलं कशावरून?" असं कुणीतरी विचारतंय आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाय. खुलताबादच्या गल्लीत त्याची बायको खाली मान घालून चाललेली. ते चालणं मी चालले होते.

मी उठले. म्हणलं, "रफिकनं माझी बेअब्रू केली ती तोंडानं. हात टाकला तो साहेबांनी. तुम्हाला दोन्ही ठाऊक आहे मॅडम, म्हणूनच मला बोलावलंत."

दुसऱ्या दिवशी वॉचमननं मला गेटातून आत घेतलं नाय. महिन्याभरात रफिकलाही काढलं, भलतंच कारण दाखवून.

मॅडमच्या खोलीत काय झालं ते त्याच्या कानावर गेलं होतं. तो बायकोला घेऊन माझ्या घरी आला. दारातच थांबला. "ताई, तुमने मेरेको बचाया. और मैं तुम्हारे बारे में क्या क्या बोला."

"तुझ्यासाठी नाय केलं," मी म्हणलं. "बस, पाणी पी. पण माफ केलं असं समजू नको."

त्याची बायको रडली. मला रडू नंतर आलं, भांडी घासताना. लई आलं.

आई त्याच हिवाळ्यात गेली. शेवटी शेवटी अंथरुणावरून येईल त्याला सांगायची, "माझी लेक खोटं बोलत नाय." कुणी विचारलेलं नसायचं.

आता मी गुलमंडीत एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावते. साहेबांवर पोलिसांत तक्रार दिलीय, केस कोर्टात आहे. वकीलबाई म्हणतात, वर्षं जातील, हरूही आपण. साहेबांच्या वकिलानं मला उलटंसुलटं विचारावं. साहेबांनी आपली बाजू मांडावी, साक्षीदार आणावेत. तो त्यांचा हक्क आहे. रफिकचाही होता. माझाही आहे, आणि तो मला अजून कुणी दिलेला नाय.

म्हणून प्रत्येक तारखेला मी जाणार. विचारतील तितक्या वेळा स्टोअरमधलं सगळं सांगणार, मान वर करून. ऐकणाऱ्याला लाज वाटली तर वाटू दे. मला आता वाटत नाय.