खाली म्हणजे नीचे

मिरजेला दिल्लीची, निजामुद्दीनची गाडी लागली तेव्हा अप्पांनी आधी माझं शिलाई मशीन आत चढवलं आणि मग मला. अप्पा माझे वडील, इचलकरंजीत त्यांचं टेलरिंगचं दुकान. मशीन तिथलंच, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. खिडकीशी उभं राहून त्यांनी आशीर्वाद दिला तोही धंद्याचाच : "परक्याचं कापड आपल्याकडे आहे तोवर आपलं लेकरू समजायचं. डाग पडता कामा नये." गाडी हलली. मशीन पायाशी नीट बसत नव्हतं, त्या खटाटोपात माझं रडायचंही राहून गेलं.

हे मी इचलकरंजीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारखं दिल्ली-नोएडाला येऊन पडलेल्यांसाठीही. माझी एक गोष्ट तुम्ही लग्नाकार्यात सांगता. पानिपतला काला अंबला आपल्या मंडळाची बस गेली, तेव्हा ती माईकवरून सांगितली गेली आणि मला नारळ दिला. ती गोष्ट खोटी आहे. नारळाची मी बर्फी केली, तीही घशाखाली उतरली नाही.

सुरुवात हसण्यापासून आहे. लग्न होऊन आले तेव्हा यांना दिल्लीत, सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर मिळालं होतं, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आंटींनी यांची चौकशी केली. मी ऐटीत म्हणाले, "मेरे हसबंड खाली हैं." हे खाली स्कूटर पुसत होते. हिंदीत खाली म्हणजे रिकामा, हे मला कोण सांगणार? आंटींनी माझा हात हातात घेतला. "कोई ना बेटा, लग जाएगी नौकरी." चार दिवस त्या राजमा पाठवत होत्या. खाली म्हणजे 'नीचे' म्हणायचं, हे तेव्हा कळलं. पण मराठी जीभ, घाईत घसरायची ती घसरायचीच.

पुढे दक्षिण दिल्लीतल्या एका गावठाणात, अरुंद गल्लीत दुकान घेतलं. पुढे मशीन, मागे एक दार, दारामागे जिना आणि तळघर. तिथेच मामा क्लारिस भेटली. ती काँगोची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. त्यांच्यात मोठ्या बाईला मामा म्हणतात. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाईमाणसाला मामा? मग मामीला काय म्हणतात गं?" क्लारिस झगझगीत रंगांचं जाड सुती कापड आणायची, मी ती देईल त्या मापाने गाऊन शिवायची, आणि ती ते इथल्या आफ्रिकन बायकांना विकायची. तिला देवनागरी येत नव्हती, माझं इंग्रजी बेताचं. मग पावती कसली? प्रत्येक कापडाची एक चिंधी ती न्यायची, एक मी ठेवायची. पाच वर्षांत एक चिंधीही खोटी पडली नाही.

हिंदी ती माझ्या मशीनपाशी बसून शिकली. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवावी तसा प्रकार. बाहेर मी बिल्कुल दिल्लीवालीसारखी 'नीचे' म्हणायचे. तिच्याशी बोलताना जीभ सैल सुटायची. गठ्ठा खाली रखो, कैंची खाली है. तीही तेच उचलायची.

गल्लीने तिला कधी सुखाने येऊ दिलं नाही. आधी कालू, हब्शी अशा हाका. मग टोमॅटो. एकदा विटेचा तुकडा भुवईवर बसला, रक्त गळ्यापर्यंत आलं. मी हळद दाबली. तिने पदर मागावा तसं चिंधीचं टोक मागितलं, डोळा पुसला आणि म्हणाली, "चलो, नाप लो." मी मात्र कोणालाही काही बोलले नाही. याच गल्लीत माझी गिऱ्हाइकं होती, आणि मला ती हवी होती.

त्या दिवशी दुपारी गल्लीतली एक मुलगी शाळेतून घरी आली नाही. संध्याकाळी ती मैत्रिणीकडे सापडली, पण तोवर कोणीतरी बोलून गेलं होतं की हब्श्यांनी उचलली, हे लोक माणसं खातात. पाच वाजता समोर फळवाल्याच्या गाडीशी एका आफ्रिकन विद्यार्थ्याला धरलं. हातात केळी होती त्याच्या. पेटीच्या फळ्या काढून मारलं, फळ्यांना खिळे तसेच होते. तो पडल्यावर लोक त्याच्या पाठीवर उड्या मारू लागले. त्यातल्या दोघांच्या पँटा मी त्याच आठवड्यात आखूड करून दिल्या होत्या.

क्लारिस दुकानात होती. मी तिला मागच्या दारातून तळघरात ढकललं आणि शटर ओढलं. ते त्यांनी वर फेकलं. पहिल्यांदा आरसा गेला. मग अप्पांचं मशीन उचलून फरशीवर आपटलं, चाक तुटून रस्त्यावर घरंगळलं. एकाने माझे केस धरले. पुढे कोपऱ्यावरचा प्रॉपर्टी डीलर होता. त्याच्या बायकोचे ब्लाउज मीच शिवायची, करवा चौथला ती मला घरची खारी मठरी द्यायची. त्याने माझं मनगट धरलं आणि तापलेल्या इस्त्रीवर दाबलं.

"भाभीजी, उस दरवाज़े के पीछे क्या है?"

कातडीचा वास आला. तो आपलाच आहे हे कळायला क्षण गेला.

"खाली है!" मी ओरडले. "खाली है, खाली है!"

त्याने हात सोडला. "खाली है, यार. चलो, अगली बिल्डिंग." आणि ते गेले. पुढच्या इमारतीच्या गच्चीवरून त्यांनी कोणाला तरी ओढत आणलं, ते मी ऐकलं. पोलीस आले तेव्हा गल्लीत चपलाच चपला पडल्या होत्या.

क्लारिस वर आली. माझा हात तिने नळाखाली धरला, आपल्या कापडाची पट्टी फाडून बांधली.

यांनी हॉस्पिटलात माझी पाठ थोपटली. "काय डोकं चाललं गं तुझं!" मी गप्प राहिले. मग तुम्हा सगळ्यांचे फोन आले, आणि गप्प राहणं अंगवळणी पडलं. आता ऐका. मी त्यांना दारामागे रिकामं आहे म्हणून सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं, ती खाली आहे. हात भाजत होता, तो सुटावा म्हणून मी तिला देऊन टाकलं. परक्याचं लेकरू. ऐकणारे हिंदीवाले निघाले एवढंच.

क्लारिस त्यानंतरही वर्षभर येत राहिली. गठ्ठे तेच, चिंध्या त्याच. फक्त तळघरात ती पुन्हा उतरली नाही. शटरशेजारी, रस्त्याकडे तोंड करून बसायची. बिचारी घाबरलीय, असं मी मनाला समजावलं.

मागच्या महिन्यात ती कायमची गेली, काँगोत, किन्शासाला, आईकडे. निघण्याआधी शेवटचा गठ्ठा घेऊन आली. सहा गाऊन शिवून तिच्या इथल्या बहिणीकडे द्यायचे होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, उस दिन मैंने..."

"मैं सुना," ती म्हणाली. "तुम बोला, खाली है."

"वो लोग समझे कि..."

"वो लोग का हिंदी अलग. मेरा हिंदी तुम सिखाया." ती नवीन मशीनवरून हात फिरवत होती. "मैं जिने पर बैठा, सोचा, अब दरवाज़ा खुलेगा."

मला रडू फुटलं. मिरजेपासूनचं राहिलेलं सगळंच बहुधा. विचारलं, मग परत का येत राहिलीस? तिने माझा हात उलटा करून डाग पाहिला.

"तुम्हारा हाथ जल रहा था. मेरा जलता, मैं भी बोलता." मग हात सोडून म्हणाली, "लेकिन मैं भूला नहीं."

मग तिने गठ्ठा उचलला. "खाली रख दूँ?" आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा ती स्वतः जिना उतरली. सहा चिंध्या मोजून पर्समध्ये टाकल्या आणि गेली. तिने माफ केलं की नाही, मला अजून कळलेलं नाही. गाऊन मी शिवून दिले. डाग पडू दिला नाही.

तुम्ही फोनवर विचारता, घरची आठवण येते का गं? येते. पण आता घर म्हटलं की मला इचलकरंजीआधी तो जिना दिसतो. आपण बोललेलं जिथे जसंच्या तसं कळतं, त्याला आपण घर म्हणतो ना? या एवढ्या मोठ्या शहरात माझा शब्द बरोबर कळणारं एकच माणूस होतं, आणि त्या संध्याकाळी ते खाली बसलं होतं.