पुस्तकांची सीट

आमच्या विद्यापीठाची चार आवारं आहेत, चार दिशांना. त्यांना जोडते ती सकाळी आठची बस. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी तिच्यात चढले. बस खच्चून भरलेली, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मात्र फक्त एक खाकी पिशवी. ती खाली ठेवून मी बसायला गेले, तर शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, तिथं पुस्तकं बसतात."

मला रागच आला, तरी पिशवी पुन्हा सीटवर ठेवून मी दांडी धरून उभी राहिले. मग ड्रायव्हर शिंदेमामांनी गाडी चालवता चालवता सांगितलं. नदीपलीकडचं आवार सुरू झालं तेव्हा तिथं पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, ग्रंथालय नव्हतं. मुलं चिठ्ठी पाठवायची आणि ग्रंथालयाचे एक शिपाई याच सीटवर बसून, पिशवी मांडीवर धरून, पुस्तकं पोचवायचे. ते रिटायर झाले. आता चारही ठिकाणी ग्रंथालयं आहेत, तरी इथलं पुस्तक तिथं लागतंच. पिशवी रोज एकटीच जाते. सीट मोकळी ठेवा, असा कागद मात्र कुणी कधी काढलेला नाही.

विद्यापीठाची दगडी कमान मी रुजू झाले त्या दिवशी कौतुकानं पाहिली होती. आता ती आठवेचना. पाठीवर दप्तरं घेऊन मुकाट उभी असलेली ही मुलंच दिसत राहिली.

पुलाच्या उतारावर मामांनी करकचून ब्रेक मारला. पिशवी घसरली. आधाराची दांडी सोडून चार हात तिच्याकडे झेपावले. त्यांतला एक माझा होता.