प्लेटलेट्सचा भाव

“बावीस? पस्तीस कर.”

नेरूळच्या एका हॉस्पिटलात मी पेशंटचं रक्त घ्यायला फिरतो. पण प्लेटलेट्सचा भाव करणारी पेशंट एकच पाहिली. सारसोळ्याची मासळीवाली. डेंग्यूनं अंग तापलेलं, तरी मी बावीस हजार म्हटलं की मान फिरवायची. “नीट मोज रं.”

अशी मावशी तुम्हीही बाजारात पाहिली असेल. ऐकते सगळं, मानत काही नाही.

मला नकलांचा किडा. आमचे डॉक्टर घसा खाकरून “हम्म, आराम करा” म्हणतात, ते मी केलं की सलाईन लावलेला हात सांभाळत ती हसायची.

ताप उतरला त्या सकाळी तिनं पिशवी भरली. संध्याकाळी मुलीची हळद. डॉक्टर “आज घरी नाही” म्हणून गेलेले.

“खालती फोन लाव. डाक्टरच्या आवाजान सांग, म्हातारीला सोरा.”

“मावशी, नोकरी जाईल.”

“दुसरी बगू. हालदीला जेवाला ये.”

मला हसू येईना. प्लेटलेट्स सोडा, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताच्या घट्टपणाचा आकडा, चढलेला. ताप गेल्यावरच डेंग्यू डाव टाकतो. मग नक्कल ठेवली बाजूला. “रक्तातलं पाणी नसांतून झिरपतंय. रक्त घट्ट होतंय. आता गेलात तर मांडवातच प्रेशर पडेल. जीवावर येईल.”

तिनं पिशवी खाटेवर ठेवली. “म्हंजे पाटीतल्या बरफाचा पानी गलतंय.”

“तसंच.”

तिनं पिशवी रिकामी केली. एकेक लुगडं पुन्हा कपाटात. मग मुलीला फोन. “हालद वेलेवर लाव गो. कोनी थांबाचा नाय.”

पुढं आकडे सुधारले, दोन दिवसांनी ती घरी गेली. लग्न मात्र मोबाईलवरच पाहिलं. तिच्या खाटेवर आता दुसरं कोणीतरी आहे.

मला आठवते ती हळदीनंतरची सकाळ. हळद लागलेल्या नवरीनं घराबाहेर पडायचं नसतं, पण मुलगी रिक्षा करून आली होती. मावशीनं तिला भरपूर झापलं, म्हणे, आणि झापता झापता हळदीला हात पुढं केला.

डाव्या हाताला सलाईन. उजवा कोपराच्या वरपर्यंत पिवळा. मी स्पिरिटचा कापूस काढला.

“सगली नको पुसू. सुईपुरती पूस.”

मी टिकलीएवढं पुसलं. सुई टोचली तरी तिचं लक्ष माझ्या दुसऱ्या हाताच्या बोटांवर. हळदीला लागत तर नाहीत ना.