एसटीने येणारा डबा
आई गेली. तेराव्यानंतर भांडी आवरताना तिचा स्टीलचा डबा उघडला आणि झाकणाच्या रबरातून शेंगदाण्याच्या चटणीचा, लसणाचा वास आला. बारावीला मी लातूरला खोली करून राहत होते, तेव्हा हा डबा घरून, औशाहून, रोज दुपारच्या एसटीने यायचा आणि मी पुस्तक वाचत वाचतच स्टँडवर तो घ्यायला जायचे. सराव परीक्षेत दोनदा नापास झाले होते. पुन्हा झाले तर वडील माझं शिक्षण थांबवून मला घरी नेणार होते. अशातच एके दिवशी डब्यासोबत आईच उतरली. पुस्तकातल्या माझ्या पिवळ्या रेघा बघून म्हणाली, "सगळंच रंगवलंस की बाई, मग सोडलंस काय?" तिने पुस्तक मिटून काखेत धरलं. "खोलीवर जाईस्तोर सांग मला, काय वाचलंस." मला पहिल्या वळणापर्यंतही सांगता आलं नाही. "मला त्यातलं काय कळतंय," ती म्हणाली, "पर तू कुठं अडलीस ते कळतंय. तेवढंच पुन्हा वाच. उद्यापासून डब्याला मोकळ्या हातानं ये." मी तशीच जाऊ लागले. वाटेत जे आठवायचं नाही, तेवढंच खोलीवर येऊन बघायचे. पुढच्या परीक्षेत पास झाल्याचं फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग डबा चालू ठिवू ना?" त्या दुपारी मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. आता डबा रिकामा आहे. संध्याकाळी मी पुस्तक घरी ठेवून चालायला निघते आणि वाचलेलं तिला सांगते.